दिवे लागतात, हॉर्न वाजतो

४ फेब्रुवारी
लेकीला आज सांगून टाकलं, बाळंतपणाला दवाखान्यात तुला मीच नेणार. लायसन्स आहे, गाडी आहे, बॅटरी नवी बसवून झाली. जावई जहाजावर, तो काही समुद्रातून चालत येणार नाही. हे गेले त्या दिवशी टॅक्सीची वाट बघत फाटकात उभी होते. तसं पुन्हा उभं राहायचं नाही.
लेक म्हणाली, आई, तू गाडी शेवटची कधी चालवलीस? म्हटलं, गाडी आणि पोहणं माणूस विसरत नाही. मला पोहता येत नाही, पण ते तिनं विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ
गाडी सुरू होत नाही.
दिवे लागतात. हॉर्न वाजतो. वायपर फिरतात. रेडिओवर बाई भाज्यांचे भाव सांगते. म्हणजे वीज भरपूर आहे. पण किल्ली शेवटपर्यंत फिरवली की हूं नाही की चूं नाही.
घाबरले नाही. किल्ली दोनदा खाली पडली ती थंडीनं.

५ फेब्रुवारी, दुपार
गाडीची पुस्तिका काढली. शाळा सातवीत सुटली, पण वाचून कळली नाही अशी गोष्ट मला अजून भेटलेली नाही. शब्दकोश घेऊन बसले. दोन दिवसांत गाडी सुरू.

७ फेब्रुवारी
पुस्तिकेतलं सगळं केलं. गिअर न्यूट्रलला. पेट्रोल आहे. फ्यूज सगळे एकसारखे दिसतात, म्हणजे ठीकच असणार. 'क्लच पूर्ण दाबा' असं लिहिलंय. दाबला. पायाचं टोक पोचलं तेवढा पूर्ण.
सीट फार मागे आहे, ह्यांच्या लांब पायांच्या मापाची. मी चालवणार असले की हे आधी जाऊन ती पुढे ओढून ठेवायचे, मी उतरले की परत मागे. आता त्यांनी शेवटची ठेवली तिथेच ती राहणार. सीटचा इंजिनाशी काय संबंध?
माझं निदान: स्टार्टर गेला.

८ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याला फोन. त्याला निदान सांगितलं. तो म्हणाला, काकू, क्लच नीट दाबता ना? मी म्हटलं, मला काय लहान पोर समजलास? तो म्हणाला, तसं नाही, पण सोमवारी येऊन बघतो. नंतर वाटलं, उगाच डाफरले. पण प्रश्नच तसा.
रात्री झोप नाही. लेक खोलीत कूस बदलते, तेवढ्यानंही मी उठून बसते.

९ फेब्रुवारी
शेजारचे भावजी म्हणाले, वहिनी, चौघं जमवतो, ढकलून सुरू करू. मी म्हटलं, नको, तुमच्या कमरेचं काय? त्यांची कमर उत्तम आहे.
खरं म्हणजे मनात आलं, ढकलली आणि सुरूच झाली तर? कोपऱ्यावर ट्रक वळतात. हे शेजारी बसून 'आता ब्रेक' म्हणायचे, तेव्हा मी ब्रेक दाबायचे. आता कोण म्हणणार?
हे कुणाला सांगायचं नाही. तशी भीती नाहीच. काळजी आहे.

१० फेब्रुवारी, दुपार
लेकीनं स्वयंपाकघरातून हाक मारली. ओट्याला धरून उभी, तोंड पांढरं. आई, दुखतंय.
पिशवी घेतली, किल्ली घेतली, तिला गाडीत बसवलं. किल्ली फिरवली. दिवे. रेडिओ. पुन्हा फिरवली. मी म्हटलं, स्टार्टर गेलाय गं. तिनं माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, आई, तुझा पाय पेडलला नुसता टेकलाय! सीट पुढे घे!
मी म्हटलं, ती बाबांनी ठेवलीय.
ती ओरडली, मग बाबांना सांग यायला!
आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली.
मी सीटखाली चाचपडले. लोखंडी दांडी हाताला लागली, वर ओढली. सीट खटकन् पुढे. क्लच तळापर्यंत गेला. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात. गाडीत काहीही बिघडलं नव्हतं.
पहिल्या गिअरमध्येच गेले. दुसरा आहे हे आठवत होतं, पण स्टिअरिंगवरचा हात सुटेना. मागे गाड्यांची वरात, सगळ्यांचे हॉर्न चालू. लेक कळ सोसत म्हणत होती, आता ब्रेक. आता ब्रेक.
पोचलो.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, ह्या खोट्या कळा, अजून आठवडाभर वेळ आहे, घरी न्या.
गाडीशी आलो. दोन्ही बाजूंना गाड्या, पुढे भिंत. रिव्हर्स घ्यायला हवा होता. मी म्हटलं, तुला धक्के बसतील. लेक म्हणाली, हो का.
टॅक्सीनं आलो. हात करताच आली. त्या दिवशी कुठे होती कोण जाणे.
गाडी दवाखान्याच्या आवारातच आहे. सीट मागे घेतली नाही; एकदा हात लावला होता, पण तशीच ठेवली.
रिव्हर्सचं पान आजच वाचून काढते.
आणि खऱ्या कळा आल्या तरी आता घाबरण्याचं कारण नाही. गाडी आधीच पोचलेली आहे.