बटण लावून मिळेल

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं लक्ष नसतं अशी तुझी तक्रार, म्हणून हे सविस्तर पत्र. नव्या शाळेत मला स्वतंत्र खोली मिळालीय. दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी आहे. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं, त्यामुळे अजून रबराचा वास येतो. क्रीडाशिक्षक रोज डोकावतात, रिकाम्या खुर्च्यांकडे बघतात आणि मोठा सुस्कारा सोडून जातात. त्यांचे चेंडू सध्या जिन्याखाली राहतात.

ताई, तीन आठवड्यांत एकही मूल आपणहून आलेलं नाही. या खोलीत शिरणाऱ्याला वर्गात चिडवतात म्हणे. नववीतली एक मुलगी मात्र डोक्यातून जात नाही. नाव सांगत नाही, आमच्या कामात ते सांगायचं नसतं. तिची वेणी कमरेपर्यंत आहे, तर वेणीच म्हणू. गेल्या वर्षी ती हसली की शेजारच्या वर्गाला ऐकू जायचं म्हणे. आता हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. आई रुग्णालयात मदतनीस आहे, वडील लांब बोटीवर. मी तिला बोलावून घेतलं, तर वीस मिनिटं माझ्या चपलांकडे बघत बसली आणि मग जाऊ का म्हणाली. घरी चिठ्ठी पाठवली, उत्तर नाही. आणि काल तिने वर्गशिक्षिकेला विचारलं, शाळा सोडल्याचा दाखला कसा काढतात. सांग ताई, काय करू?

भावोजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं लिही, टाळू नकोस.

तुझी,
पिटुकली

९ जुलै

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझा आहे आणि तो मशीनचं पायडल मारतो, एवढं पुरे.

तू त्या पोरीसमोर कशी बसली असशील ते मला इथून दिसतंय. हनुवटीखाली हात आणि डोळ्यांत डोळे. लहानपणी माझ्या बाहुलीलाही तू अशीच प्रश्न विचारायचीस, ती बिचारी कापसाची म्हणून टिकली. माझ्या दुकानात दुःख सांगायला कुणीच येत नाही गं. बाई येते ती बाही सैल करून घ्यायला. मी मान खाली घालून उसवत असते, आणि चार टाके निघेपर्यंत तिचं सगळं सांगून झालेलं असतं. माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे मी मधे बोलत नाही, हाही एक फायदा.

ती पाटी आधी काढ. सोबत बिस्किटांचा डबा पाठवतेय. बिस्किटं नाहीत, हावरटासारखी उघडू नकोस. बटणं, सुया आणि पांढरा दोरा आहे. गणवेशाची बटणं रोज तुटतात. पुढचं तुझं तू बघ.

तुझी,
ताई

२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दारावर आता कागद आहे: ‘बटण लावून मिळेल’. पहिल्या दिवशी दोन जण आले, चौथ्या दिवशी रांग लागली. एका मुलीने बटण लावता लावता परीक्षेत हात थरथरतात ते सांगितलं. क्रीडाशिक्षक स्वतःचं जाकीट घेऊन आले आणि मोठी लेक हल्ली आपल्याशी बोलत नाही, हे भिंतीकडे बघत म्हणाले. चेंडूंचं नावही काढलं नाही.

१६ तारखेला, गुरुवारी वेणी आली. मनगटाचं बटण तुटलं होतं. मी समोर न बसता शेजारी बसले. चाळिशी लागल्यापासून मला सुईत दोरा ओवता येत नाही, तर तिने माझ्या हातून घेऊन एका झटक्यात ओवला आणि पहिलं वाक्य बोलली: दुहेरी घ्या, आई दुहेरीच घेते. मग आईचंच आलं. आईची दोन महिन्यांपासून संध्याकाळची पाळी आहे. ही घरी येते तेव्हा आई गेलेली, आई परतते तेव्हा ही झोपलेली, सकाळी आई झोपलेली. रविवारी आई सकाळपासूनच जादा पाळीला. बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून. दूध तापव. दार नीट लाव. दाखला तिला कशासाठी हवाय, कळलं का? शाळा सोडली तर दुपारी घरी राहता येईल, आणि आई जागी भेटेल.

मी बटण जीव लावून लावलं, तू शिकवलंस तसं, खाली दोऱ्याचे आठ वेढे देऊन. शर्ट फाटेल पण ते सुटणार नाही. पण ताई, त्याला बारा दिवस झाले, वेणी फिरकलेली नाही. माझं काही चुकलं का?

तुझी,
पिटुकली

१ ऑगस्ट

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलं ना! इतकं पक्कं लावलंस तर ती पोर पुन्हा यायची कशी? गिऱ्हाईक कायमचं घालवायची कला तुझ्याकडून शिकावी. दोनच टाके घाल आणि सोडून दे. आईलाही भेट, पण समोर बसवून नको.

घाईत,
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी वेणी आली होती. मुठीत बटण. मी शर्टाची बाही पाहिली, तर आठही वेढ्यांचे दोरे सरळ रेषेत कापलेले. कात्रीने! मी म्हटलं, दोरा कच्चा निघाला वाटतं. तिने खाली बघत हो म्हटलं, आणि आम्ही दोघी गंभीरपणे नवा दोरा शोधत बसलो.

मग गेल्या आठवड्यात तिला विचारून तिच्या आईला चिठ्ठी लिहिली. यावेळी ‘भेटायला या’ असं नाही. कामाच्या कोटाचं बटण तुटलं असेल तर बुधवारी मधल्या सुट्टीत लावून मिळेल, एवढंच. वेणीने ती फ्रिजवर लावली. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं, तर त्यांनी सुट्टीला जोडून पुढचा तासही वेणीला मोकळा दिला.

आज बुधवार. बारा वाजून गेले तरी कुणी नाही. मी तीनदा दारापर्यंत जाऊन आले. मग एक बाई आली. केस ओले, हातात निळा कोट. आधीच्या चिठ्ठीला घाबरून उत्तर दिलं नाही म्हणाली, शाळेची चिठ्ठी म्हणजे तक्रारच असणार असं वाटलं. एवढ्यात वेणी आत आली. दोघी एकमेकींकडे अशा बघत राहिल्या, जणू कुणीतरी प्रवासाहून आलंय. आईने आधी काय विचारलं असेल? तू एवढी उंच कधी झालीस. आणि वेणी हसली. ताई, तसं हसणं मी फक्त ऐकून होते. क्रीडाशिक्षक मैदानावरून धावत आले, काही पडलं का विचारायला.

दाखल्याचा विषय आईच्या कानावर वेणीनेच घातला, आणि मग दोघींनी मिळून तो मोडीत काढला. आता दर बुधवारी डबा इथेच खायचं ठरलंय. मी दोरा आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन बसते.

एक सांगायचं राहिलं. आईने मूठ उघडून बटण दिलं तेव्हा मी कोट पाहिला. दोऱ्याची टोकं सरळ रेषेत कापलेली. मी तिलाही म्हटलं, दोरा कच्चा निघाला वाटतं. आणि दोनच टाके घातले.

लोभ आहेच, तो असू दे. बटणं मात्र संपत आलीत, ती पाठव.

तुझी,
पिटुकली