पेटीला गळा कुठे असतो?

मंगळवार, १४ मार्च २०००
इंदिरानगर, नाशिक

आज मधुराची कॉलेजात तोंडी परीक्षा झाली. हाताने काढलेली अक्षरं ओळखायला शिकणारा प्रोग्रॅम केलाय तिने. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं म्हणे, "मेंदूत वीज असते, रसायनं असतात. तुझ्याकडे नुसते आकडे. मेंदूसारखं काहीच नसताना हे विचार कसा करणार?" तर ही म्हणाली, "सर, माझी आई पेटी शिकवते. पेटीला गळा नाही, तरी सूर लागतोच ना?"

माझी पेटी! इंजिनिअरिंगच्या परीक्षेत! ऐकता ऐकता चहा उतू गेला.

पण गप्प बसेन तर मी कसली. म्हटलं, "सूर लागतो गं, पण मींड? गळा एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरतो. पेटी उडीच मारते. गळा नाही ना तिला!"

भांडं पुसता पुसता म्हणाली, "सतारीला कुठे गळा असतो, आई? तिच्यावर निघते की मींड."

खरंच की. पेटीचं अडतं ते सुट्या सुट्या पट्ट्यांमुळे, गळ्यावाचून नव्हे. आणि मी तीस वर्षं क्लासात गळा, गळा करतेय!

उद्या मुलांना चूक सांगायची. कुणी काढली, तेही. नाव घेऊन.