लाइन लागेपर्यंत

सांगली, ४ फेब्रुवारी

ती. दादास क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या घशातली गाठ वाईटच निघाली. मिरजेचे डॉक्टर सोळा तारखेला स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. मी रात्रभर रडले आणि हिने सकाळी उठून माझ्या चहाला नावं ठेवली.

अण्णांना कुणी काही सांगायचं नाही, ते मीच माझ्या तोंडानं सांगीन, असा तिचा हट्ट आहे. मोबाइलमध्ये बोलणं भरून ठेव म्हटलं तर म्हणाली, डबीशी काय बोलायचं, ते काय म्हणत्यात ते मला ऐकाया नको व्हय?

अण्णांना अंथरुणातून उचलून टेकडीवर रेंजमध्ये नेणं होणार नाही. तेव्हा सोळाच्या आत घरात वायफायची लाइन घे. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी क्रांती

वरची वाडी, मेढा, ९ फेब्रुवारी

चि. सौ. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसलो. मेढ्याला अर्ज दिला, लाइनमन अमृत लगेच पाहून गेला. शेवटचा खांब तात्याबाकाकांच्या बांधावर रोवावा लागतो आणि काका नको म्हणतात. बांधाचं जुनं दुखणं तुला ठाऊक आहे. आईचं सांगावं तर गावभर होऊन अण्णांच्या कानी जाईल, म्हणून कारण न सांगता नुसतेच पाय धरतोय.

अण्णा मात्र खुशीत. फौजेत त्यांची उभी नोकरी टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली. खाटेवरून अमृतला हुकूम सोडतात, केबल ताणू नगंस रं गड्या. आईला सांभाळ, स्वतःलाही.

तुझा दादा, जयराज

सांगली, १७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

काल ऑपरेशन पार पडलं. आत नेईपर्यंत आईने मोबाइल मुठीत धरला होता, शेवटी नर्सने काढून घेतला. काकांना माझा निरोप देऊ नकोस, तोंडून वाईट शब्द जाईल. लाइन आता सवडीने लाव.

क्रांती

वरची वाडी, २४ फेब्रुवारी

चि. सौ. क्रांतीस आशीर्वाद.

फोनवर बोललो तर अण्णा ऐकतात, म्हणून हे पत्र. अठराला काका आपणहून पहार घेऊन आले. कुठून कळलं देव जाणे. बांधावर स्वतःच खांबाचा खड्डा खणला.

लाइन लागली आणि पहिल्याच कॉलला पडद्यावर आई दिसली, ओठ हलले, तू मागे पदर तोंडात धरून उभी. अण्णा म्हणाले, लाइनीत फॉल्ट हाय. तेव्हापासून रोज अमृतला बोलावतात. तो हिरवे दिवे दाखवतो. अण्णांना पटत नाही. लाइन तपासायची म्हणून रोज कॉल लावायला सांगतात, आईला नावाने हाका मारतात आणि कान देऊन पडून राहतात. मला हे बघवत नाही गं. काय सांगू त्यांना, आईलाच विचार.

जयराज

सांगली, २८ फेब्रुवारी

श्री. यांना राहीचा नमस्कार.

जयराजकडनं हे वाचून घ्यावं. अमृतला आता बोलावू नका, लेकराला उगा हेलपाटा. लाइन तुमी वडली न्हाई, तरी बरी हाय. गाठीसंगं माझा आवाज काढलाय, तो आता यायचा न्हाई. मीच सांगणार हुते, राहून गेलं. लय रडू आलं त्याचं.

लगीन झाल्यापास्नं मीच बोलत आल्ये आणि तुमी हुंकार देत आलाय. आता तुमी बोला. तुमी मारलेल्या समद्या हाका मला ऐकू आल्यात. फॉल्ट न्हाई म्हणून त्या थांबवू नका.

तुमची राही