पाटी पुसली तर नकार समजावा

मी, बेबी भरमा हुंदरे, वय ६९, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार अनगोळ, बेळगाव, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शाळेत घालताना वडिलांना दुसरं नाव सुचलं नाही, म्हणून सरकारदरबारी मी अजून बेबीच आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. अनगोळचं घर माझ्या व धाकटा भाऊ जोतिबा याच्या निम्म्या निम्म्या मालकीचं आहे. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. थोरले भाऊ केशवअण्णा यांनी शेत घेऊन घरावरचा हक्क रीतसर सोडला होता. माझा हिस्सा माझ्या पश्चात जोतिबाने तहहयात उपभोगावा व त्याच्यानंतर तो शेजारच्या मंगल सुतार हिला मिळावा. मंगल आमचा स्वयंपाक करते आणि जोतिबाचं सगळं बघते.

२. हे वाचून केशवअण्णांचा मुलगा स्वरूप, राहणार पुणे, कोर्टात जाईल. घर विकावं आणि काकाला एखाद्या आश्रमात ठेवावं, असं त्याचं म्हणणं. काकाला काही कळत नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा. तो खोटा आहे, आणि का खोटा आहे ते कोर्टाने वाचावं म्हणून पुढची कलमं लिहिली आहेत.

३. जोतिबा निपाणीत हमरस्त्याला गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचा. शनिवारी घरी आला की आठवड्यात रंगवलेल्या पाट्यांवरची अक्षरं मला कोड्यासारखी घालायचा. ती सगळी अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधायचा, क्रम कसाही चालेल. कर्नाटकची के, ए आणि पुढे एच, एल आली की मी चॉक म्हणायची. महाराष्ट्राच्या गाड्या अवघड, त्यांच्या एम, एचमध्ये स्वर नसतो. मी अडले की हा पठ्ठ्या आठवडाभर मनात धरलेला शब्द सांगायचा आणि माझ्या वाटणीची भजी खायचा. पुढे छापील पाट्या सक्तीच्या झाल्या, धंदा बसला, तो काळ्या रंगवलेल्या कोऱ्या पाट्या आणि ब्रश घेऊन घरी आला. खेळ मात्र रोजचा झाला.

४. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'व्हय' एवढा एक शब्द उरला. स्वरूप एका वकिलांना घेऊन आला. वकिलांनी पेन उघडून विचारलं, "घर पुतण्याच्या नावावर करायचं न्हवं?"

"व्हय," जोतिबा म्हणाला.

वकील लिहायला लागले. मी विचारलं, "जोतिबा, आज अमावास्या हाय काय रं?" अमावास्या नव्हती. तो म्हणाला, "व्हय."

वकिलांनी पेन मिटलं, पण स्वरूपला तेवढंच निमित्त मिळालं. "बघ आत्या, काकाला कायबी विचार, व्हयच म्हणतंय."

आता खरी गोष्ट अशी की, धडधाकट असतानाही जोतिबाने हातात पेन असलेल्या माणसाला कधी 'न्हाय' म्हटलेलं नाही. पोलीस असो, तलाठी असो, जनगणनेवाला असो. आमच्याकडे तशी रीतच आहे. वडीलही असेच होते. साहेबाला व्हय म्हणायचं आणि नंतर करायचं ते करायचं. त्यावरून कोणाची अक्कल मोजू नये.

५. त्याच संध्याकाळी मी स्वरूपच्या गाडीची अक्षरं खडूने कोऱ्या पाटीवर लिहून दोघांपुढे ठेवली: एम, एच, आर, टी. स्वरूपने मोबाइल काढला. त्यात अक्षरं घातली की शब्दांची रांग येते म्हणे. मी तो बाद केला. जोतिबाने डाव्या हातात खडू धरला. लई वेळ लागला. स्वरूपचा चहा गार झाला. मग पाटीवर उमटलं, थर्मास. आणि त्याने टेबलावरच्या थर्मासकडे बोट करून स्वरूपला चहा दे म्हणून मला खुणावलं. स्वरूप म्हणाला, "योगायोग."

६. नकार कसा देतो, हे मंगलने ओळखलं. दहावी शिकलेली आहे, दुपारी ती त्याच्याशी खेळते. एकदा मला म्हणाली, "बाई, जोतिबाअण्णा न्हाय म्हणत न्हाईत, पुसत्यात. माझा चुकीचा शब्द ठेवतच न्हाईत पाटीवर." तेव्हापासून आम्ही प्रश्न मराठीत पाटीवर लिहून त्याच्यापुढे ठेवतो. नको असेल तर तो बाहीने पुसतो. तशीच ठेवली तर होकार. 'पुण्याला जाशील?' असं मी स्वतः लिहिलं होतं. त्याने इतकं घासून पुसलं की पाटीचा काळा रंग निघाला.

७. सबब जोतिबाबद्दलचा कोणताही निर्णय, मग तो डॉक्टरचा असो, बँकेचा असो की कोर्टाचा, याच रीतीने त्याला विचारून घ्यावा. विचारणाऱ्याने पेन खिशात ठेवावं.

८. बँकेतल्या ठेवी जोतिबाच्या औषधपाण्यासाठी मंगलने वापराव्यात. ब्रश व पाट्यांना कोणी हात लावू नये, ते जोतिबाचे आहेत. माझी इंग्रजी डिक्शनरी स्वरूपला द्यावी. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून त्यातली चित्रं बघायचा, ते मी विसरलेले नाही.

९. माझ्या शेवटच्या आजारात मला बोलता आलं नाही, तर माझ्या वतीने निर्णय जोतिबाने घ्यावा, दुसऱ्या कोणी नाही. मला नळ्या लावून जगवायचं की घरी आणायचं, यासाठी 'आक्काला नळ्या लावायच्या?' असं पाटीवर लिहून त्याच्यासमोर ठेवावं आणि तो उत्तर देईपर्यंत थांबावं. माझं मत विचाराल तर मला नळ्या नकोत. पण त्याने पाटी पुसली नाही, तर लावाव्यात. त्याला अजून थोडे दिवस आक्का हवी असेल, तर मी राहीन.

हे मृत्युपत्र मी जोतिबासमोर मोठ्याने वाचलं व खालील साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: अनगोळ, बेळगाव
दिनांक: १४ जुलै २०२५

(सही) बेबी भरमा हुंदरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. सुहास रामचंद्र किणेकर, अनगोळ
२. (सही) ओमकार नागेश येळ्ळूरकर, माजी विद्यार्थी, कडोली