बाहेर नेल्याची नोंद

४ जुलै २०१६, सोमवार. हॅमिल्टन.

लागली एकदाची नोकरी! तीही फ्युनरल होममध्ये. नवऱ्याला, देवव्रतला सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. म्हटलं, मेलेली माणसं निदान उलट उत्तरं तरी देत नाहीत. माझं काम कागदांचं. शवपेटीवरची नावपट्टी परवान्याशी जुळवायची. दहनाला मंजुरी देणाऱ्या, रेफरी डॉक्टरची सही नसेल तर दहन नाही. देह आला की ‘आत’, गेला की ‘बाहेर’, वेळेसकट, नेणाऱ्याच्या सहीने. काउन्सिलचा माणूस केव्हाही तपासायला येतो. मालकीण शॅरन म्हणाली, हीप्स ऑफ पेपर आहे, पण शिकशील, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत ‘काही काळजी नको’.

पहिल्याच दिवशी आल्या त्या आजी मराठी निघाल्या, दमयंतीबाई. मुलगा मुंबईहून यायचाय. पेसमेकर आगीत फुटतो, तो काढल्याचं डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, म्हणून परवाना अडलाय. थंड खोलीत एकट्याच. निघताना सवयीने म्हणून गेले, “येते हं, आजी.”

५ जुलै, मंगळवार

देवव्रत चिडलाय. मयताच्या ठिकाणाहून गुपचूप निघायचं, ‘येते’ म्हणायचं नाही, एवढंही कळत नाही का, म्हणाला. इंजिनियर माणूस आणि हे! मला हसू आवरेना. आज तर मुद्दाम म्हटलं. वर थट्टाही केली, एकट्या कशाला राहता, चला आमच्याकडे जेवायला.

६ जुलै, बुधवार

सात वर्षांच्या लेकीने, श्रियाने सकाळी विचारलं, इंग्रजीतच, की काल तुझ्या शेजारी बसून आलेली आजी गाडीतच का राहिली, घरात का नाही आली. माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

ऑफिसात रजिस्टर उघडलं. दमयंतीबाई: बाहेर, काल ५.०५. आत, आज ८.३०. दोन्हीपुढे सही माझी. अक्षरही माझंच. मी केलेली नाही. शॅरनचा चेहराच उतरला. परवान्याविना देह बाहेर नेणं गुन्हा आहे, ही असली चेष्टा नको, म्हणाली. मला भीती वाटतेय.

७ जुलै, गुरुवार

काल ब्रसुद्धा काढला नाही. मान खाली घालून निघाले. तरी नोंद आहे. बाहेर, ५.०५ —

श्रिया म्हणते, आजी काल दारापर्यंत आली. ‘तुझं नाव काय?’ असं तिला विचारलं.

आज श्रियाला देवव्रतसोबत घरात कोंडून ठेवलंय. देव पाण्यात ठेवलेत. परवाना येऊ दे. एकदा दहन झालं की —

८ जुलै, शुक्रवार

मुलगा पोचला. पेसमेकर निघाला, सही आली. दुपारी दहन. नावपट्टी मीच जुळवली. ‘बाहेर’ लिहिलं, ही सही मात्र मीच केली. सुटले.

५.०५. गाडी सुरू केली आणि शेजारच्या सीटच्या पट्ट्याची घंटी वाजायला लागली. सीट रिकामी. घरापर्यंत वाजत राहिली.

गाडी दारात उभी आहे. आजीला घरात न्यायचं नाही. इथे गाडीतच बसते, सकाळपर्यंत बसावं लागलं तरी —

घंटी थांबली. पट्टा लागला.

पाय उचलत नाहीत. फोनही उचलता येत नाही. हात तेवढा लिहितोय —

खिडकीत श्रिया. हात करतेय. मला नाही, शेजारी. आता खिडकीत नाही — पळत येतेय, अनवाणी — गाडी मी लॉक केली होती, नक्की केली होती — शेजारचं दार आतून