बोर्डापुढे ताठ उभं राहणं

३ मार्च, सोमवार
मोह पडायला लागला. जंगलाकाठी गेलो तर ज्याच्या त्याच्या अंगणात फुलं वाळत घातलेली. फक्त दिलीपचं अंगण रिकामं. त्याची बायको शालू, तिने यंदा एक फूल वेचलं नाही. तरी दि. घरात नव्हता. वास शेजारून येतोच. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर सापडला, वाऱ्याकडे तोंड करून बसलेला.

नागझिऱ्याच्या बाजूच्या बचाव पथकात तो रोजंदारीवर. वाघाने माणूस मारला की पहिले हेच पोचतात. गर्दी अडवायची, आणि पंचनामा होईतो एकाने प्रेताजवळ बसायचं. तो एक म्हणजे नेहमी दि., कारण तो डगमगत नाही असं सगळ्यांचं मत. गेल्या वर्षी मोहाच्याच दिवसांत मेलेली बाई शालूच्या माहेरची निघाली. टोपली उपडी, फुलं रक्तात. दुपारपासून अंधार पडेतो हा माश्या हाकलत बसला. तेव्हापासून झोप नाही, जंगलात पाय उचलत नाही, फुलांचा वास आला की ओकारी.

"भाऊ, मले कामावरून काढतीन का?"

त्याच्या शेजारी पाळीवर बसलो. भाषण द्यायला पुढे नेहमी हजार माणसं लागतात मला.

९ मार्च, रविवार
आमच्या रोजंदारी कामगार संघटनेची बैठक. वैद्यकीय बोर्डापुढे ठेवायचा भरपाईचा अर्ज मी लिहिला. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली: कामावर बसलेल्या धक्क्याचा आजार. सैनिकांच्या या आजारावर कपाटभर पुस्तकं वाचलीत मी. दि.ला कोणी सैनिक म्हणत नाही, एवढाच फरक.

पथकातल्या सुरेशला अस्वलाने हात चावला होता. त्याला भरपाई मिळाली. हात वर करून दि.ला म्हणतो, "माहा हात घेऊन जा लेका बोर्डापुढं. टाके दाखवजो, काम होते."

सगळे हसले. दि.पण. तो हसला याचं बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार
उद्या बोर्ड. संध्याकाळी दि.कडे गेलो. घाबरला होता. म्हणालो, "आपण भीक मागायला चाललो नाही. हक्क आहे. साहेबापुढे वाकायचं नाही, ताठ उभं राहायचं."

शालूने जयंतीचा पांढरा सदरा पेटीतून काढला.

हेच वाक्य मी आयुष्यभर सांगत आलो. वडिलांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी, दीक्षा घेतल्यावर.

२० मार्च, गुरुवार
दाढी केलेली, केसांना तेल, सदऱ्याला कडक इस्त्री. आत गेला तो परेडला उभा राहावा तसा. मी दारात. डॉक्टर हिंदीत.

"नींद आती है?"
"आती, साहब."
"डर लगता है?"
"नहीं, साहब."

दोन्ही खोटं. तो बाहेर येताना डॉक्टरांतला एकजण हसून म्हणाला, "अरे, ये तो एकदम फिट है."

बाहेर आल्यावर दि. मला विचारतो, "बराबर उभा होतो ना, भाऊ?"

 म्हणालो, बराबर.

४ एप्रिल, शुक्रवार
नामंजूर. आजाराची लक्षणं दिसत नाहीत, कामावर परत घ्यावं. म्हणजे पुन्हा जंगल. वाघाने ओरबाडलं असतं तर जखमा मोजल्या असत्या. आतलं मोजायला यांच्याकडे काही नाही, आणि जे दिसलं असतं ते मी इस्त्री करून नेलं.

घसा बसलाय. हिने हळदीचं दूध दिलं, सोबत टोमणा: "तुमचं भाषण आयकून वाघ पळन, पण कागद नाही हालत."

१४ एप्रिल, सोमवार
विहारापुढे जयंतीची सभा. गर्दी चांगली, ध्वनिक्षेपक नेहमीसारखा कुरकुरणारा. रंगात आलो होतो. "ताठ मानेनं" इथवर आलो आणि समोर शेवटच्या रांगेत दि. दिसला. पांढरा सदरा. टाळ्या सुरू झाल्या तसा दचकून त्याने खांब धरला. लगेच सोडला, पुन्हा ताठ.

वाक्य पुरं केलं नाही. लोकांना वाटलं, गहिवरलो. आणखी टाळ्या.

२१ एप्रिल, सोमवार
अपिलावर फेरतपासणी मिळाली, येत्या सोमवारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी असतो तसा आणा. दाढी नको, इस्त्री नको, हात थरथरला तर थरथरू द्या. ओकारीचं, झोपेचं शालूने सांगावं.

दि.ला सांगितलं. 

"म्हंजे पागल होऊन जाऊ?"
"नाही रे. आहेस तसा."
"मंग तवा काऊन ताठ उभं राहाले सांगतलं?"

शालू मधे पडली. "आता भाऊले कायले बोलता? रातभर मी जागून राहिली, मले पुसा कसे आहा तुमी."

तो उठून पाळीकडे गेला. मी परतताना कामठा गावापर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो. एकही स्वतःला पटलं नाही. आहे तसं दाखवणं म्हणजे वाकणं नव्हे, हे मला माहीत आहे. पुस्तकात वाचलंय. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

२८ एप्रिल, सोमवार
बोर्डाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. नंबर यायचाय.

सकाळी स्टँडवर दि. उतरला तो दाढी करून, पांढऱ्या सदऱ्यात. शालू माझ्याकडे बघून म्हणाली, "मी नाही केली इस्त्री. त्यायनंच लोट्यात निखारे टाकून केली."

"तसा नाई येववत माह्याच्यानं, भाऊ," तो एवढंच बोलला.

मग दिसलं. सदऱ्याची बटणं एकेक घर चुकून लागली आहेत, खालपर्यंत. हात थरथरत होता म्हणून की घाईत, विचारलं नाही. त्याला कळलेलं नाही. नीट करायला माझा हात पुढे गेला, मधेच थांबला. शालूने ते पाहिलं. तिनेही बटणांना हात लावला नाही.

आत्ता दि. विचारतोय, "या बारीले कसा उभा राहू?"

नाव पुकारलं. तो उठला. सदऱ्याचं एक टोक खाली लोंबतंय, आणि तो माझ्या उत्तराची वाट न बघता ताठ आत चाललाय.