किल्ली नसलेला रुमाल

लिस्बन, १३ मार्च १९५८

ती. एतेल्विनाताईस बेल्मीरोचा नमस्कार वि. वि.

पुन्हा तेच! कुस्तोदियानं भरून दिलेला रुमाल मिळून चार महिने झाले तरी मी तो गळ्यात बांधून चारचौघांत फिरलो नाही, म्हणून तिचा बाप कुरकुरतो, हे तू चौथ्यांदा लिहिलंस. अगं, मी मासळीबाजारात पेट्या उचलतो. तिच्या हातची फुलं-पाखरं माशाच्या पाण्यात भिजवू? आणि इथे माझा गळा बघून सोयरीक ठरली म्हणणारं आहे कोण?

पण आता तो वादच मिटला. मंगळवारी मुकादमानं मला एक पेटी देऊन वर शियादूच्या उंची बाजारपेठेत पाठवलं. तिथे बायका हातमोजे घ्यायला येतात, तर दुकानदार त्यांच्या कोपराखाली उशी सरकवतो. अंगाला वास म्हणून मी भिंतीकडेनं चाललो होतो, आणि एका दुकानाच्या काचेत कुस्तोदियाचा रुमाल! तीच दोन पाखरं, तेच कवन, कोपऱ्यात तेच लाल काळीज. एक नाही, सहा. खाली भाव, नव्वद एश्कुदु. आत जाऊन विचारणार, तर दारावरच्या गणवेशवाल्यानं हमालांचं दार मागे आहे म्हणून हाकललं.

सहा जणांना एकच वचन देते का ती? काल मी तिचा रुमाल टपालानं तिला परत पाठवला. रुमाल परत म्हणजे सोयरीक मोडली, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. तू रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा बेल्मीरो


कोव्हेलो, १९ मार्च १९५८

चि. बेल्मीरोस ताईचे आशीर्वाद, आणि एक थोबाडीत.

गाढवा, तिचा बाप नोव्हेंबरपासून खोकतोय, शेतावर जात नाही. ब्रागाचा व्यापारी महिन्याला येतो, रुमालामागे सात एश्कुदु टेकवतो. मीसुद्धा त्याच्यासाठी रुमाल भरते. तुझ्या रुमालाचाच नमुना त्याला हवा होता. तेव्हा कुस्तोदिया मला म्हणाली होती, पाखरं विकीन, काळीजही विकीन, पण बेल्मीरोच्या रुमालावर काळजाशेजारी भरलेली किल्ली विकणार नाही. काचेला नाक लावून उभा होतास ना, किल्ली नाही एवढं दिसलं नाही?

टपाल गुत्त्यावर उतरतं हे तुला ठाऊक आहे. मी दोन दिवस तिथे ठाण मांडलं आणि पुडकं तिच्याआधी उचललं. तो रुमाल याच पत्रासोबत येतोय. पण गुत्तेवाल्याच्या बायकोनं पुडकं दाबून पाहिलंच, आणि आत कापड आहे, मऊ लागतंय, असं गावभर केलं. काल धुण्याच्या दगडावर कुस्तोदियानं मला विचारलं, बेल्मीरोचं काही आलं का. मी मान वर न करता चादर पिळत राहिले.

ईस्टरला ये. रुमाल गळ्यात बांधून चर्चच्या दारात उभा राहा. नाहीतर तिचा बाप दुसरीकडे शब्द देईल, आणि मी त्याला अडवणार नाही. तब्येतीला जप. डोकं असेल तर त्यालाही.

तुझी ताई


लिस्बन, २७ मार्च १९५८

ती. ताईस नमस्कार वि. वि.

रजा नाही. मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. इथे माझ्या जागेवर उभे राहायला वीसजण आहेत.

म्हणून काल अंग घासून घासून धुतलं, सदरा बदलला, रुमाल बांधला आणि शियादूला गेलो. काचेत आता चारच उरलेत. एकावरही किल्ली नाही, नीट पाहिलं. बागेतल्या फोटोवाल्याला गयावया करून सोबत नेलं होतं. त्यानं कॅमेऱ्याची पेटी रोवून काळ्या कापडात डोकं घातलं, तोच गणवेशवाला धावला. मी त्याला सांगितलं की मी रस्त्यावर उभा आहे, तुझ्या दुकानात नाही, आणि गळ्यातला हा विकायचा नाही. त्यामुळे फोटोत मी भांडायला निघाल्यासारखा दिसतो.

ईस्टरला चर्चच्या दारात सोबतचा फोटो सगळ्यांना दाखव. आधी गुत्तेवाल्याच्या बायकोला, मग कुस्तोदियाच्या बापाला. किल्ली बारीक दिसते, बोट ठेवून दाखव. फोटो चालेल ना गं? असं आजवर कुणी केलंय का? जुन्या बायकांना विचार आणि लगेच कळव. पुडक्याचं कुस्तोदियाला तू सांगू नकोस. ते मी समोर येऊन सांगेन, मग तिला हवं तर तिनं रुमाल काढून घ्यावा. तोवर तुझा लोभ तरी माझ्याकडे राहू दे.

तुझा बेल्मीरो

ता. क. सोबतची मनिऑर्डर कुस्तोदियाच्या हातात दे. तिच्या एका रुमालाचं शियादूत काय मोल आहे, ते तिला कळू दे: नव्वद एश्कुदु.